ओटे काढले तो हंगाम

कापूस निघाला की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, वय झालं म्हणून. वयाचा काही संबंध नाही. तरुणपणीही फिरायचं, तेव्हा त्यातून चार सौदे तरी व्हायचे, आता नुसता घसा बसतो.

दिवाळी उलटते, सकाळच्या आंघोळीच्या पाण्यावर वाफ दिसू लागते, आणि एके दिवशी गावाबाहेरच्या सडकेवरून गाड्यांचा आवाज सुरू होतो. भरलेली गाडी कण्हत जाते, रिकामी बडबडत परत येते. इतक्या लांबूनही मला दोन्हींतला फरक कळतो. गादीवर बसल्या बसल्या माझी मान वर होते. या गाड्या सरकी काढायच्या जिनेवर जातात, पेठेत येत नाहीत, येणार नाहीत, हे ठाऊक असूनही होते. समोर रस्ता दिसतो. एवढा रुंद आणि सरळ रस्ता तालुक्याच्या गावालाही नसेल. त्यावर कुत्री पाय ताणून झोपलेली असतात. उठवायला कोणी येत नाही, म्हणून ती मधोमध झोपतात.

वाऱ्याबरोबर कापसाचे पुंजके मात्र येतात. सडकेकडेच्या बाभळींना गाड्यांमधला कापूस अडकतो, तिथून सुटतो, आणि भरकटत येऊन बंद दुकानांच्या कड्याकुलपांना चिकटतो. हंगाम आमच्या पेठेत आता एवढाच येतो.

परवा तिघे तरुण आले. त्यांत बापूसाहेबांचा नातू होता. बापूसाहेब म्हणजे पेठेतले सर्वांत मोठे किराणावाले. आता ते नाहीत. नातू नागपुरास वकिली शिकून आला आहे. माझ्या दाराशी लावलेली लाकडी पायरी त्याने बुटाने दोनदा चाचपली आणि मगच वर चढला.

“काकाजी, पेठ पुन्हा उभी कराची म्हणतो आम्ही.”

“पडली कुठी? भिंती तर साऱ्या उभ्या दिसून राह्यल्या.”

तो हसला. काम असलेला माणूस हसतो तसं. मग त्याने बेत सांगितला. दिव्यांचे खांब लावायचे, दुकानांच्या दर्शनी बाजू रंगवायच्या, नावाच्या पाट्या लावायच्या, आठवडी बाजार पुन्हा पेठेत आणायचा. “तुम्ही जिनवाल्यांशी बोला. तुमच्यासारखा सौदा कराले दुसरा माणूस नाही, असं आजोबाच सांगत.”

आजोबा सांगत! 

“अन् गिऱ्हाईक कायच्यावर बसवता?” मी विचारलं.

तिघे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांतला एक म्हणाला, “खुर्च्या ठेवू, काकाजी.”

त्यापुढे मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चहा तसाच ठेवून ते उठून गेले. बायको आतून म्हणाली, “पोट्ट्यायले घोटभर चहा तरी पिऊ द्याचा होता. पेठ त्यायनं थोडीच मोडली?”

“मग कोणं मोडली?”

“लोक तर तुमचंच नाव घेतात,” ती म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.

हेच ते. नारायणशेठने जिनवाल्याशी सौदा केला आणि पेठ बुडाली, असं गावात म्हणतात. म्हणणारे निम्मे मेले, पण म्हणणं मेलं नाही. सौदा मी केला होता. पण जो मी केला तो त्यांनी ठेवला नाही, आणि जो त्यांनी केला त्याला माझं नाव लावून मोकळे झाले.

ज्यांनी आमच्या पेठेचे ओटे पाहिले नाहीत त्यांना काय गेलं ते कळणार नाही. पेठ वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जाते. पावसाळ्यात नाल्याचं पाणी आत शिरायचं, म्हणून पूर्वीच्या लोकांनी दुकानांची जोती माणसाच्या छातीएवढी उंच घेतली. आणि त्या उंचीवर चढता यावं म्हणून प्रत्येक दुकानापुढे ओटा. काळ्या दगडाचा, चुन्यात बसवलेला, खाली एक रुंद पायरी, वर ऐसपैस बैठक, त्यावर पत्र्याची पडवी. बसून बसून दगड असे गुळगुळीत झाले होते की पावसात त्यांत माणसाचा चेहरा दिसे.

पेठेला दोन रांगा. आमची पश्चिमेची, तिच्यात किराणा, कापड, लोखंड. समोरची पूर्वेची, तिच्यात बांगड्या, कुंकू, तांब्या-पितळेची भांडी. पूर्वेच्या रांगेची तोंडं मावळतीकडे, त्यामुळे थंडीत दुपारभर तिच्या ओट्यांवर ऊन असे. कापसाच्या दिवसांत वेचणीच्या बायका तिथे येऊन बसत. वेचणीची मजुरी कापसातच मिळायची. बायका लुगड्याच्या ओच्यात तो कापूस घेऊन यायच्या आणि त्यावरच बांगड्या, फणी, कुंकू घ्यायच्या. चांदभाई मणियाराच्या दुकानात एका बाजूला रंगीत काचेच्या बांगड्यांच्या माळा आणि कोपऱ्यात पांढराशुभ्र कापसाचा ढीग, असा देखावा असे. आत दिवा नसला तरी त्या ढिगाने उजेड पडे.

मी गिऱ्हाइकावर आयुष्य काढलं आहे, आणि मला त्याच्याबद्दल एक गोष्ट कळली आहे. उभा माणूस भाव विचारतो, बसलेला माणूस भाव करतो. उभ्याचं मन पायांत असतं. तुम्ही आकडा सांगितला, त्याला नाही पटला, तो चालू लागला. बसलेल्याचं तसं होत नाही. तो पागोटं काढतो, मांडीवर ठेवतो, पाणी मागतो, पावसाची गोष्ट काढतो. उठून जायला त्याला जरा कष्ट पडतात, आणि तेवढ्या कष्टात सगळा व्यापार आहे. घ्यायचं की नाही हे ठरलेलं नसताना माणसाला जिथे बसू देतात त्याला मी बाजार म्हणतो. बाकी सगळी कोठारं.

ओट्याचं महत्त्व मला जास्त कळायचं, कारण मी ओट्याखालून वर आलो. डोणगावाकडून डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन मी या गावात आलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. सकाळपासून पेठेत उभा होतो. बापूसाहेबांच्या ओट्यावर गाठोडं टेकवलं तर त्यांचा दिवाणजी काठी घेऊन धावला. समोरून चांदभाई ओरडला, “इकडे ये बे, गाठोडेवाल्या! बायका बसून राह्यल्या इथी. लुगड्याचं कापड दाखव त्यायले. बांगड्याचा रंग अन् लुगड्याचा रंग जुळवाले लागतेच!”

त्या दिवशी माझं पहिलं कापड त्याच्या ओट्यावर खपलं. चांदभाईने त्याबद्दल कधी काही मागितलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मी पश्चिमेच्या रांगेत पडकं दुकान विकत घेतलं, गादी घातली, तेव्हा पेठेने मला तोंडावर नारायणशेठ म्हणायला सुरुवात केली. पाठीमागे गाठोडेवाला ते गाठोडेवालाच. मला ते ऐकू येई. मला नेहमी ऐकू येतं.

मग गावाबाहेर नव्या सडकेला जिन निघाली. उंच धुराडं, सरकी वेगळी करणारी यंत्रं, वजनाचा काटा, सगळं तिथेच. पूर्वी गाड्या वेशीत सुटायच्या, कापूस पेठेत विकला जायचा, रुमालाखाली बोटं दाबून भाव व्हायचे आणि पैसे कनवटीला लावून शेतकरी ओट्याओट्यांवरून फिरायचा. आता तो जिनेवरच माप घालून परस्पर घरी जाऊ लागला. त्याच्यामागून आठवडी बाजार तिकडे सरकला, आधी भाजीवाल्या, मग भेळभत्तेवाले, मग सगळेच. दोन हंगाम पेठेत माशा मारल्या. दुकानदार एकमेकांच्या ओट्यांवर बसून एकमेकांना तंबाखू देत. गिऱ्हाइकाच्या जागी दुकानदार बसलेला दिसला की समजावं.

शेवटी मारुतीच्या देवळात पेठ जमली. पेठ वाचवायची तर काटा परत आणला पाहिजे, आणि जिनवाल्याशी बोलायचं तर कोणी? सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. बापूसाहेब म्हणाले, “नारायणशेठ, तुमी जा. तुमची जीभ कामाची आहे.” जीभ म्हणाले. अक्कल म्हणाले नाहीत. मी गेलो.

जिनवाल्या शेठची अडचण मला आधीच ठाऊक होती. त्याच्या मालमोटारीला दाबलेल्या कापसाच्या गठाणी घेऊन खामगावकडे जायचं तर नाल्यातून उतरावं लागे, आणि परतीचा पाऊस लांबला की मोटार गाळात रुतून बसे. पेठेतून वाट मिळाली तर ती सरळ नाल्यावरच्या जुन्या दगडी फरशीवर निघत होती. ओटे आड येत होते. मी म्हटलं, वाट देतो. काटा वेशीच्या आत, देवळापुढच्या मैदानात आणा. तो म्हणाला, दोन्ही रांगांचे ओटे काढा. मी म्हटलं, एका रांगेचे.

“एका रांगेचे काढून मोटार कशीबशी निघेल. समोरून गाडी आली तर?”

“तर थांबन. पेठेत लोक थांबालेच येतात, शेठजी.”

तो गुजराती माणूस, पण वऱ्हाडात मुरलेला. त्याने हसून रुमाल पुढे केला. सवयच ती. रुमालाखाली आम्ही कापसाचा भाव नाही, रस्त्याची रुंदी केली. एक बोट म्हणजे एक हात. तो बोटं दाबी, मी एकेक सोडवी. त्याच्या बोटात अंगठी होती ती माझ्या सांध्यावर रुतत होती. उठलो तेव्हा एकाच रांगेचे ओटे जायचं ठरलं होतं. कोणती रांग ते मी ठरवलं. आमची. मीठ, गूळ, नांगराचा फाळ माणूस उभ्याने घेऊ शकतो. बांगडी उभ्याने भरता येत नाही. आणि ज्या रांगेत बाई बसते तिच्याखातर पुरुष समोरच्या रांगेत थांबतो. माझा स्वतःचा ओटा जाणार होता. आयुष्यात एवढा चोख सौदा मी दुसरा केला नाही.

देवळात येऊन सांगितलं. मग बापूसाहेबांनी पान थुंकून विचारलं, “म्हणजे माझा ओटा जाईन, अन् त्या चुडीवाल्याचा राहीन?”

“त्याच्या ओट्यावर बायका बसतीन म्हणून तुमच्या दुकानात गूळ खपन,” मी म्हणालो. “हिशेब समजून घ्या.”

“समजला,” ते म्हणाले. मला वाटलं, खरंच समजला.

हंगामाचा माल भरायला मी खामगावला गेलो. परत आलो तेव्हा माझी गाडी वेशीतच अडली. पुढे रस्त्यात काळ्या दगडांचे ढीग होते. दोन्ही बाजूंना. पहारींचा आवाज चालू होता. पूर्वेच्या रांगेतले ओटेही निघाले होते, आणि उघड्या पडलेल्या मातीत चुन्याबरोबर वर्षानुवर्षांच्या फुटक्या बांगड्यांचा चुरा चमकत होता, हिरवा, तांबडा, हळदी. पहारवाले त्यातूनच अनवाणी फिरत होते.

मी नसताना पेठ पुन्हा जमली होती. बापूसाहेब म्हणाले, पेठेत भेदभाव नको. एकाचा गेला तर साऱ्यांचा जाऊ द्या. आमच्या रांगेने माना डोलावल्या. पण मला नवल पूर्वेच्या रांगेचं वाटलं. त्यांचे ओटे मी वाचवून आणले होते, आणि त्यांनीही हो म्हटलं होतं. मी चांदभाईला गाठलं.

“तू काऊन हाव म्हटलं बे?”

तो पायांनी चुरा सारत होता. “सारे म्हणून राह्यले होते, नारायणशेठ. मी एकटा ओटा धरून बसलो असतो, तर उद्या पेठेतल्या कोणत्या घरची बाई माह्या ओट्यावर चढली असती?”

ते खोटं नव्हतं. पश्चिमेच्या रांगेला आपला ओटा जाण्याचं दुःख नव्हतं. समोरच्याचा राहतो याचं होतं. पूर्वेच्या रांगेला आपला राहण्याचं सुख नव्हतं. राहिला तर समोरच्याच्या डोळ्यांत खुपेल याची भीती होती. दुसऱ्या गावात माणसं आपलं वाचवायला भांडतात. आमच्या पेठेने समोरच्याचं राहू नये म्हणून आपलं दिलं, आणि त्याला एकी हे नाव दिलं. त्या दिवशी देवळात पेढे वाटले होते म्हणे.

मी बापूसाहेबांच्या दुकानात चढलो, म्हणजे दगडांच्या ढिगावरून चढलो. काय काय बोललो आठवत नाही. आवाज वेशीपर्यंत गेला असं लोक सांगत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ज्यायच्या बापजाद्यायनं ओटे बांधले, त्यायनं ते काढले. तुमी मधात कोण? तुमचं दुकान तर विकतचं.”

सगळे ऐकत होते.  मला सौद्याला पाठवताना मी पेठेचा होतो. ओट्यांच्या वेळी विकतचा झालो. या वाक्याला मी आजही उत्तर शोधतो आहे. अंघोळ करताना, जेवताना, गिऱ्हाइकाला कापड फाडून देताना. एवढी उत्तरं जमली आहेत की एक दुकान भरेल, पण बापूसाहेब मरून गेले.

दिवाळीनंतर जिनवाल्याने शब्द पाळला. दोन्ही रांगा गेल्याने त्याचं काहीच गेलं नव्हतं. काटा वेशीच्या आत आला. पहिली मोटार पेठेत शिरली तेव्हा बापूसाहेबांनी तिच्यापुढे नारळ फोडला, ड्रायव्हरच्या गळ्यात हार घातला. गाड्यांची रांग लागली. असा कापूस पेठेने पूर्वी पाहिला नव्हता. घुंगरांचा आवाज, शेणाचा, सरकीचा, पेंडीचा वास, गाडीवानांच्या शिव्या. दुकानदार सगळे दारात उभे. छाती फुगवून उभे. मीही उभा होतो.

आणि गाड्या पुढे गेल्या.

हे एवढंच झालं. कोणी फसवलं नाही, कोणी बाजार तोडला नाही. गाड्या आल्या आणि गेल्या. रस्ता असा मोकळा की बैलांना थांबायचं सुचेना, आणि एखादा थांबलाच तर मागून मोटारीचा भोंगा. मैदानात माप झालं, पैसे कनवटीला लागले, गाडी उतारावर तोंड करून उभीच असे. रिकाम्या गाडीत घरच्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. चांदभाईच्या दारातल्या बांगड्यांच्या माळा दिसल्या की त्यांच्या माना वळायच्या. गाडी चालत राही, माना मागे मागे वळत जात, आणि मग धुळीत काही दिसेनासं होई.

आमची दुकानं छातीएवढ्या उंचीवर तशीच लटकत राहिली होती. ओटा निघाल्यावर कळलं की दुकान केवढं उंच असतं. गिऱ्हाईक खाली धुळीत उभं, हनुवटी आमच्या उंबऱ्याशी, आणि आम्ही वर गादीवर. मी त्याला कापड दाखवी ते त्याच्या नाकासमोर. त्याचे हात धुळीने भरलेले, म्हणून तो हात लावायला कचरे. कापड हाताळल्याशिवाय माणूस घासाघीस करत नाही. भाव विचारायचा, मान हलवायची, चालू लागायचं. मी वरून ओरडे, “अहो, ऐका तरी!” पूर्वी मला ओरडावं लागत नसे. बापूसाहेबांनी लोखंडाची शिडी करून घेतली. तिच्यावर पाय ठेवताना एक म्हातारा पडला, तेव्हापासून तीही दुकानातच उभी करून ठेवली. गुळाच्या भेलीवर धूळ, मिठावर धूळ, माझ्या पांढऱ्या मांजरपाटावर धूळ. संध्याकाळी झटकून घडी घालावी आणि सकाळी पुन्हा उघडावी. तो हंगाम मला धुळीच्या चवीने आठवतो. भाकरीत ती यायची.

मला वाटे, कोणीतरी देवळात उठून म्हणेल, चुकलं. कोणी म्हणालं नाही. उलट म्हणू लागले, नारायणशेठने सौदा कच्चा केला.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दुपारी एक तरुण बाई सासूबरोबर आली. ओच्यात कापूस होता. सासू म्हणाली, “सुनेले पहिल्यांदा बांगड्या भरतो, चांदभाई. हिरव्या द्या.” चांदभाईला एवढा आनंद झाला की त्याने पाट खाली रस्त्यात टाकला, त्यावर तिला उभं केलं आणि स्वतः उंबऱ्यावर पालथा पडून खाली हात केले. समोरून मी पाहत होतो. त्या वयात असा पालथा पडलेला माणूस पाहवत नाही. त्याने तिचा हात धरला, दाबून मऊ केला. एक बांगडी गेली. दुसरी गेली. तिसरी अंगठ्याच्या सांध्यावर असताना वेशीकडून मोटार आली आणि अगदी जवळ येऊन भोंगा वाजवला. बाई दचकली, पाट हलला. काचेचा आवाज मला या बाजूला ऐकू आला.

हात बराच कापला होता. रक्त कापसावर सांडलं. पहिल्या बांगड्या, नवी सून, आणि भरतानाच फुटून रक्त. सासूने तोंडाला पदर लावला. चांदभाई वरून म्हणत होता, “बाई, थांब, पट्टी बांधतो. बाई, पैसे नको, कापूस नको.” ती सुनेला ओढत घेऊन गेली. तिने कोणाला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून वेचणीची एकही बाई पेठेत आली नाही. मी माझ्या दुकानातून खाली उतरून मोटारीपुढे उभा राहिलो होतो, ड्रायव्हरची मानगूट धरली होती. त्याचा उपयोग काय? तो बिचारा म्हणत होता, “शेठ, रस्ता तर तुमीच दिला ना.”

पुढच्या गोष्टी सगळ्या एकाच रंगाच्या आहेत. आधी कुंकूवाला गेला, मग भांडीवाले. बापूसाहेबांनी नव्या सडकेला जागा घेतली आणि जिनेसमोर दुकान घातलं. पेठ नको म्हणून नाही, म्हणाले, गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी. पुढे बाहेरच्या सडकेवर नाल्याला पक्का पूल झाला तेव्हा मोटारीनेही पेठ सोडली आणि काटाही उचलला गेला. त्या नातवाला वाटतं, पेठेला दिवे नव्हते म्हणून ती गेली. दिव्यांत बघायला काय ठेवणार आहे, देव जाणे. त्याला मी परवा शिव्या दिल्या खऱ्या, पण काय करायचं हे सांगितलं नाही. दगड गेले कुठे ते मला ठाऊक आहे: जिनेच्या कुंपणाच्या पायात. ते उकरून आणता येतील. पण माझ्या दारात ओटा बांधला आणि समोरच्याच्या दारात नाही, हे आजही पेठेला चालणार नाही. मग पुन्हा देऊळ, पुन्हा बैठक. माझ्यात ते ऐकण्याचं बळ उरलेलं नाही.

त्या हंगामाच्या शेवटी, शिमग्याआधी, चांदभाईने दुकान आवरायला काढलं. गाडी दारात उभी होती. पेंढ्यात गुंडाळलेल्या बांगड्यांच्या पेट्या तो एकेक करून खाली देत होता.

“कुठी चालला?”

“वडनेरले. पोरगी आहे तिथी. जावई म्हणतो, टोपली घेऊन खेड्यापाड्यानं फिरा.”

या वयात डोक्यावर टोपली. माझ्या टाळूवर गाठोड्याचं ओझं आल्यासारखं झालं. मला ते सहन झालं नाही, आणि सहन झालं नाही की मला राग येतो.

“दुकानाचं काय?”

“तुमी घ्या. दुसरं कोण घेते?”

त्याला थांबवायचा एकच मार्ग मला ठाऊक होता. माणूस भांडू लागला की थांबतो. मी मुद्दाम असा भाव सांगितला की कोणाही भल्या माणसाने माझ्या तोंडावर थुंकावं.

“द्या,” चांदभाई म्हणाला.

“अरे, द्या काय म्हणतो? एवढ्यात त्या दाराच्या फळ्या तरी येतात का?”

“तुमीच सांगितला भाव.”

मी वाढवला. तो म्हणाला, “बरं, तेवढे द्या.” मी आणखी वाढवला. रस्त्यात उभा राहून मी ओरडत होतो, त्याच्या भिंती किती जाड आहेत, माळवद कसं गळत नाही, सागवान कोणतं आहे, हे मी, घेणारा, त्याला, विकणाऱ्याला, सांगत होतो. गाडीवान तोंड उघडं टाकून बघत होता. प्रत्येक वेळी चांदभाई मान हलवून हाव म्हणे आणि पुढची पेटी उचले. माझ्याशी भाव करून सहज जिंकणारा तो पेठेत एकटाच माणूस होता. त्या दिवशी त्याने मला एकदाही नाही म्हटलं नाही.

शेवटी मी त्या दुकानाला कधीच येणार नव्हता असा आकडा बोललो आणि गप्प झालो.

“बरं,” तो म्हणाला. “बैलं उन्हात उभी आहेत, नारायणशेठ.”

किल्ली देऊन तो गाडीत बसला. वेशीतून गाडी बाहेर पडेपर्यंत काचेची बारीक किणकिण ऐकू येत होती. मग मी पाटावर पाय ठेवून, चौकटीला धरून, कसाबसा त्याच्या दुकानात चढलो. आत काही नव्हतं. कोपऱ्यात थोडा कापूस. दुपार होती; माझ्या पाठीवर ऊन पडलं होतं आणि सावली आतल्या भिंतीपर्यंत लांब गेली होती. मी वळून बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे माझं दुकान दिसलं. इतकी वर्षं मी त्यातून बाहेर बघत होतो, ते असं समोरून, निवांत, कधी पाहिलं नव्हतं. उंच दगडी जोतं, वर अंधारात गादी, धूळ बसलेली कापडाची ठाणं, आणि चढायला काही नाही. गिऱ्हाइकाच्या नजरेने मी ते नीट पाहून घेतलं. मी तिथे थांबलो नसतो.